ताटलीतला हाली पैसा

मास्तर, तुमचा हाली पैसा कालपर्यंत ताटलीत पडून होता. तो उचलावा असं मला वाटत नव्हतं आणि तसाच पडून राहावा असंही वाटत नव्हतं. तुम्ही गेल्यापासून सगळ्याच बाबतीत माझं असं झालं आहे.

परवा शाळेचा शिपाई त्या दोन्ही ताटल्या घासायला घेऊन निघाला होता. मी चौथीचा वर्ग तसाच टाकून त्याच्यामागे धावले. "बाई, निस्त्या ताटल्या हायती की," तो बिचारा म्हणाला. मग त्याला समजावून सांगत बसले. सकाळी आलं की मागच्या पडवीतलं प्रत्येक पोर या ताटलीतली आपली वस्तू उचलतं आणि त्या ताटलीत टाकतं. गोदीची मोठी कवडी, भगवानचा चिंचोका, कुणाचा सागरगोटा, कुणाचा खडा. ज्या पोरांना 'हजर' म्हणता येत नाही, किंवा नाव पुकारलेलं ऐकूच येत नाही, त्यांनी हजेरी कशी द्यायची, यावर निसारमास्तरांनी काढलेला हा तोडगा, असं त्याला सांगितलं. शिपायानं विचारलं, "आन् ह्यो पैसा कुणाचा?" मी म्हणाले, "मास्तरांचा." त्यानं ताटल्या होत्या तिथं ठेवल्या आणि गेला.

निजामाच्या वेळचा तो तांब्याचा पैसा तुम्ही सगळ्यात शेवटी टाकायचात. "ह्यो बी चलनातनं उठला, मी बी उठलो. पर दोघं बी हजर," असं रोज म्हणायचात. पोरांना त्यातला विनोद कळायचा नाही, तुमचा चेहरा कळायचा, आणि ती हसायची. मला विनोद कळायचा, म्हणून मला हसू यायचं नाही.

कारण तुम्हाला चलनातून उठवताना मी पाहिलं होतं. विलीनीकरणानंतर तुमच्या उर्दू शाळेतली मुलं हळूहळू कमी होत गेली, पुढं हैदराबाद राज्य मोडलं, आपण मुंबई राज्यात गेलो, सगळा कारभार मराठीत आला आणि तुम्ही जादा ठरलात. वरच्या कचेरीला तुमचं काय करायचं कळेना. आमच्या हेडमास्तरांना, पहिलीतच वर्षानुवर्षं बसलेल्या त्या आठ-दहा पोरांचं काय करायचं कळेना. कुणी मुकं, कुणी मंद, कुणाचे पाय लुळे. दोन्ही अडचणी एकाच पडवीत नेऊन ठेवल्या, जिथं आधी मोडकी बाकं असायची. "मुक्या पोरास्नी मराठी न येणारा मास्तर. जोडी चांगली जमली बाई," हे तुमचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. तेही मराठीतच होतं, आणि चांगलं होतं.

दुसरं वाक्य भांडणातलं. भिंतीपलीकडून धपाधप आवाज येऊ लागला म्हणून मी तरातरा मागं आले, तर तुम्ही चिखलात कोपरापर्यंत हात घालून बसलेले आणि पोरंही तशीच. मी म्हणाले, "ही शाळा आहे का कुंभारवाडा?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "कुंभारवाडा लांब पडतो बाई. म्हणून माती इथं आणली." मला वाटलं माझी थट्टा करताय. दोन दिवसांनी बघते तर सगळी वरात खरोखरच कुंभारवाड्याकडं चाललेली, पुढं तुम्ही, मधे पोरं एकमेकांचा सदरा धरून, आणि पायानं अधू असलेला तुमच्या पाठीवर.

तिथून तुम्ही थांबलाच नाहीत. पिठाची गिरणी, कासाराचं दुकान, जनावरांचा दवाखाना, पोस्ट. ज्याला अक्षर येत नाही त्यानं पोस्टात जाऊन काय करायचं, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "रांगेत उभं राहायचं. तेवढं आलं तर लई झालं." मी घरी जाऊन सासूबाईंना सांगितलं की आमच्या शाळेत एक मास्तर आलाय, तो रांगेत उभं राहायला शिकवतो. त्या म्हणाल्या, "देवळात पाठव त्याला. तितं गरज हाय."

बाजारात मात्र तुम्ही एक भलताच नियम करून ठेवला होता. दुकानदारांना दम देऊन सांगायचात, "पोरगं चुकलं तर रागवा, परत पाठवा. पर खैरात करू नका. माझ्या पोरास्नी खैरात न्हाय पायजे." मला तो नियम निर्दय वाटे. भगवानला मीठ आणायला पाठवलंत तो दिवस आठवतो? अंगानं वाढलेला, बुद्धीनं पाच वर्षांचा तो मुलगा हळद घेऊन आला. तुम्ही परत पाठवलंत. मग मीठ आणलं, पण डबा दुकानातच विसरला. परत. मग डबा आणला आणि मीठ वाटेत शेळीला चाटवलं. शेवटी किराणावाला स्वतः भगवानचा हात धरून तावातावानं आला. "मास्तर, किती डाव पिदडवता ओ ह्या पोराला?" तुम्ही म्हणालात, "त्याला न्हाय, तुमाला पिदडवतोय. तुमी त्याला ओळखायला लागला का न्हाय?" त्या दिवशी संध्याकाळच्या आत मीठ बरोबर आलं, डब्यासकट. भगवान तो डबा छातीशी धरून शाळेभर फिरला आणि माझा चौथीचा वर्ग खिडकीत उभा राहून टाळ्या वाजवू लागला. मी त्यांना गप्प बसवलं नाही. त्या टाळ्यांबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले, मास्तर. ते आता मानते.

पण म्हणून वाद काही मिटला नाही. रोज मधल्या सुट्टीत, तुमचा चहा, माझा चहा, आणि आपला तोच वाद. मी म्हणायची, बाजार म्हणजे शाळा नव्हे. पोरांना चार भिंतींचा आडोसा हवा, लोक त्यांना हसतात. तुम्ही म्हणायचात, "हसू द्या. आज हसतील, उद्या वळखतील. ह्यास्नी जन्म काढायचा हाय तो ह्याच गल्लीत." मी म्हणायची, "गल्ली तुम्हाला वाटते तेवढी भली नाही. तुम्ही तिच्यात जन्मलात, मी सून म्हणून आले. सुनेला गल्ली जास्त कळते." यावर तुम्ही खो खो हसायचात. मी मात्र ते हसण्यासाठी म्हटलेलं नव्हतं.

आणि मग गोदीचं झालं.

गोदीला जन्मापासून ऐकू येत नाही. बाप गेलेला. आई अनसूया यात्रेकरू उतरतात त्या घरांतून भांडी घासते, आमच्याकडंही येते. गोदीला लोक मुकीच म्हणत, आणि तिला नाव आहे हे शाळेच्या पटावरून मला प्रथम कळलं. हात मात्र असे की मातीचं चाक बघितलं की चाक कळायचं, विणलेली दोरी बघितली की दोरी कळायची. तुम्ही तिला देवळाकडं उतरणाऱ्या गल्लीत दत्तोबाच्या दुकानावर कवड्यांच्या माळा ओवायला बसवलंत. दत्तोबा म्हातारा, डोळ्यांनी अधू, त्यालाही हात हवेच होते. गोदी चार दिवसांत कवड्या निवडायला शिकली, आठवड्यात गोंडा बांधायला. दत्तोबा तुम्हाला म्हणाला होता, "मास्तर, ही पोरगी माझ्यामागं दुकान चालवंल." तुम्ही ते मला सांगायला पळत आलात, आणि तुमची टोपी वाटेत पडली होती.

माप तुम्ही सगळ्या पोरांना अंगावरच शिकवायचात. चार बोटं, वीत, हात. फूटपट्टी हरवते, हात हरवत नाही, असं तुमचं म्हणणं. माळेचं माप तुम्ही गोदीला असंच दिलंत: गळ्यात घालायची, बेंबीपर्यंत आली की पुरे. म्हणून ती प्रत्येक माळ ओवून झाली की स्वतःच्या गळ्यात घाली, अंगठ्यानं बघे, आणि पाच-सहा झाल्या की एकदम काढून दत्तोबाला देई. ओवताना ती मागंपुढं झुलायची. ती सवय तिची लहानपणापासूनची.

आता आपल्या तुळजापुरात, मंगळवारी, देवळाच्या वाटेवर, गळ्यात कवड्यांच्या माळांचा भार, तोंडातून शब्द नाही, डोळे खाली आणि अंग झुलतंय अशी पोरगी बसलेली असेल तर बाहेरगावच्या माणसाला काय वाटणार? हे तुम्हाला सुचलं नाही. मलाही सुचलं नाही, मी तर पुजाऱ्याच्या घरची. कर्नाटकाकडची एक बाई "अव्वा, अव्वा" करत गोदीच्या पायांवर पडली. तिनं गोदीचा मळवट भरला, खण आणि नारळ ओटीत घातला आणि रडायला लागली. तिच्यामागं दुसरी वाकली, मग तिसरी. दत्तोबा पुढं झाला नाही. नंतर मला म्हणाला, "देवीच्या दारात कुनाला न्हाय म्हनावं, बाई?"

तुम्ही पोचलात तेव्हा गल्लीत रांग लागली होती. तुम्ही काही बोलायला गेलात, तर कुणीतरी म्हणालं, "मास्तर, तुमी ह्यात पडू नका. ह्ये देवीचं काम हाय." तुम्ही शाळेत आलात आणि माझ्या वर्गात, मला न विचारता, माझ्या खुर्चीवर बसलात. मुलं बघत होती म्हणून मी त्यांना कविता म्हणायला लावली.

संध्याकाळी अनसूयाशी मीच बोलले. तिनं भांडी घासता घासता ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, आजवर लोक म्हनायचे, मागल्या जन्माचं पाप पोटी आलं. आता तीच लोकं म्हनत्यात देवी आली. म्या कुनाचं ऐकू?" मी म्हणाले, "दोन्ही खोटं. ती गोदी आहे." ती म्हणाली, "गोदीला कोन इचारतंय, बाई?" नवरात्रात गोदीच्या हाती जोगव्याची परडी द्यायची, तिला देवीची आराधीण करायची, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. परडी काही वाईट नव्हे, मास्तर. माझ्या सासूबाईंचीही परडी आहे. त्या मंगळवारी पाच घरी जोगवा मागतात आणि घरी येऊन भाकरी थापतात. पण गोदीला घरी येऊन थापायची भाकरी कोण ठेवणार होतं? ती देवळाच्या पायऱ्यांवर बसणार, आणि जन्मभर तिथंच बसणार, पुढं हात करून. माळा ओवणारे ते हात.

तुम्ही दत्तोबाच्या फळीवर दोन खिळे ठोकून घेतलेत, मापासाठी, म्हणजे तिला माळ गळ्यात घालायला नको. आणि दर मंगळवारी स्वतः दुकानापाशी जाऊन उभे राहू लागलात. "माळ घ्या, पाया पडू नका. शाळंची पोरगी हाय," हे तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतात. काही ऐकायचे. काही तुमच्या टोपीकडं बघायचे आणि चिडायचे. एकानं तुम्हाला ढकललं, तुम्ही गटारात पडता पडता वाचलात. हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. दत्तोबानं सांगितलं.

मी तेव्हा तुमच्यावर इतकी संतापले होते की दोन दिवस बोलले नाही. तिला आत आणा, दार लावा, चार अक्षरं शिकवा, लोक विसरतील, एवढं साधं माझं म्हणणं होतं. तुम्ही ऐकेनात. अजूनही मला वाटतं की माझं बरोबर होतं, निदान अर्धं.

एक गोष्ट आपण दोघांनीही कधी बोलून दाखवली नाही. गोदीला ते आवडत होतं. एकदा ती मळवट न पुसताच पडवीत आली आणि तिनं भगवानला खांद्याला धरून खाली वाकवलं, आपल्या पायांशी. भगवान हसत हसत पाया पडला. मग तिनं दुसऱ्याला बोलावलं. तुम्ही हसलात आणि मधेच थांबलात. मी खिडकीत होते, तुम्ही माझ्याकडं पाहिलंत, मी तुमच्याकडं, आणि आपण दोघांनीही मान फिरवली. ज्या पोरीच्या तोंडाकडं कुणी कधी धड पाहिलं नाही तिच्यापुढं माणसं वाकत होती. तिला ते का आवडू नये? याचं उत्तर तुमच्या बाजारात नव्हतं आणि माझ्या चार भिंतींतही नव्हतं. मला वाटतं म्हणूनच आपण त्यानंतर जास्त जोरानं भांडू लागलो.

शेवटचं भांडणही त्याचंच. तुम्ही म्हणालात, "बाई, एक मंगळवार तुमी या. तुमच्या तोंडनं निघालं तर लोक ऐकतील."

"मी येईन. पण चूक झाली हे कबूल करा."

"चूक झाली म्हणून तर बोलवतोय."

"मग तिला आत आणा."

"आत आणून चूक दुरुस्त होत न्हाय बाई, निस्ती झाकली जाते."

मी म्हणणार होते की तुमच्या दुरुस्तीपायी त्या पोरीचा जन्म जाईल, त्याचं काय? तेवढ्यात घंटा झाली. तुम्ही कप विसळून पालथा घातलात आणि पडवीत गेलात. त्या रात्री तुम्ही घरी जेवलात, पाणी मागितलंत, आणि भाभी पाणी घेऊन येईपर्यंत गेलात. माझं वाक्य अजून तोंडातच आहे. ते आता कुणाला म्हणू?

भाभींना भेटायला गेले. त्या तुमच्या बाजेच्या पायथ्याशी बसल्या होत्या. मला वाटलं होतं, आपल्या भांडणांबद्दल त्यांच्या मनात काही असेल. त्या माझा हात धरून म्हणाल्या, "बाई, उनों रोज तुमारीच बात करते थे. 'आज बाई से लडके आया' बोलते, और उस दिन दो रोटी जादा खाते." मी तिथं रडायचं नाही असं ठरवून गेले होते. ते काही जमलं नाही.

पण त्याहून अवघड काम पुढंच होतं. पडवीतल्या बाकीच्या पोरांना सांगितलं, ती रडली, भगवान सगळ्यात मोठ्यानं. गोदीला कसं सांगायचं? ती रोज सकाळी कवडी टाकायची, मग तुमचा हाली पैसा तळहातावर घेऊन माझ्यासमोर धरायची आणि हनुवटीखाली दोन बोटं फिरवायची. दाढीवाले मास्तर, ही तुमची खूण. माझी खूण तुम्हाला माहीत आहे, स्वतःचा कान पिळायचा. मी पहिले काही दिवस तिला नुसतं जवळ घेतलं. मग एका सकाळी ठरवलं. बाप गेला हे ती खुणेनं कसं सांगते ते मला ठाऊक होतं: डोक्याला पटका गुंडाळायचा, आणि मग आडवा तळहात खाली खाली न्यायचा, जमिनीला टेकेपर्यंत. मी हनुवटीखाली दोन बोटं फिरवली आणि तळहात खाली नेला. ती माझ्या हाताकडं बघत राहिली. हात जमिनीला टेकायच्या आत तिनं तो पकडला आणि वर ढकलला. मी पुन्हा खाली नेला. तिनं माझ्या मनगटावर फटका मारला, मग दुसरा. मारता मारता तिच्या घशातून जो आवाज निघाला तो मी याआधी ऐकला नव्हता. मी तिला मारू दिलं. त्यानंतर ती कितीतरी दिवस शाळेत आली नाही.

अनसूया मात्र येत होती. एक दिवस भांडी आवरून दारात उभी राहिली. "बाई, नवरात्र आलं. आता मास्तर बी न्हाईत. ते हुते तवर मला बी वाटायचं, हुईल कायतरी. आता तुमीच सांगा, माझ्यामागं हिला कोन हाय?" तिचा आवाज भांडणाचा नव्हता, मास्तर. ती खरंच विचारत होती. मी तिला चहा दिला. तिनं तो उभ्यानंच प्याला आणि गेली. त्या रात्री मी सासूबाईंशी उगीचच भांडले.

काल मंगळवार होता. शाळा भरता भरता गोदी आली. आईनं सकाळीच तिला तयार केलेली: कपाळभर मळवट, नवं हिरवं लुगडं, गळ्यात माळ. पायऱ्यांकडं जायला निघालेली पोरगी वाट सोडून इकडं आली होती. ती सरळ पडवीत गेली, मी मागं गेले. तिनं आपली कवडी उचलून ताटलीत टाकली. मग हाली पैसा उचलला. मला वाटलं, पुन्हा तेच विचारणार. तिनं हनुवटीला हात लावला नाही. माझा हात ओढून घेतला, पैसा तळव्यावर ठेवला, माझी बोटं एकेक करून त्यावर मिटली आणि स्वतःचा कान पिळला.

मग ती जाऊन दारात उभी राहिली.

मंगळवारच्या गर्दीत माझा जीव घाबरा होतो, हे तुम्हाला ठाऊक होतं. चौथीला पाढे लिहायला घातले आणि चपला पायात घातल्या.

दत्तोबानं आम्हाला बघून फळी पुसली. गोदीनं गळ्यातली माळ काढली, दोन खिळ्यांवर ताणून पाहिली, आणि विकायच्या माळांत टांगली. मी तिला तसं काही सुचवलं नव्हतं. पण कपाळावर मळवट तसाच होता, आणि थोड्याच वेळात एक म्हातारी थबकली, पिशवीतून कुंकवाची पुडी काढून वाकली. गोदीनं माझ्याकडं पाहिलं. मला काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. माझा जो चौथीवर ओरडायचा आवाज आहे, ज्याबद्दल तुम्ही मला नेहमी चिडवायचात, तोच बाहेर पडला. "उठा आजी. ही शाळेतली मुलगी आहे. माळा तिनं ओवल्यात. माळ घ्यायची तर घ्या, तिच्या पाया पडू नका." गल्लीतली चार माणसं वळून बघू लागली. आजी घाबरून उठली, मग माळांकडं पाहिलं, आणि एक हातात घेऊन गोंडा ओढून बघू लागली. गोदीनं तिच्या हातातून ती काढून घेतली आणि दुसरी, तिच्या उंचीला बसेल अशी, तिच्यापुढं धरली.

इतक्यात अनसूया आली. पायऱ्यांवर वाट बघून शोधत आली होती. तिनं टांगलेली माळ पाहिली, गोदीला पाहिलं, मला पाहिलं. "बाई, तुमी पुजाऱ्याच्या घरच्या. तुमीच असं कराय लागला?" मी म्हणाले, "मी पुजाऱ्याच्या घरची आहे म्हणूनच सांगते, देवीला माळ ओवणारीसुद्धा लागते." ती म्हणाली, "आन् उद्या? पुढच्या मंगळवारी? नवरात्रात? मास्तर रोज येत हुते. तुमी येनार हाय का हितं उभं राहायला?"

नवरात्रात आमच्या घरी किती माणूस असतं, मला मान वर करायला वेळ नसतो, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नाही. रोज भांडी तीच घासते. तुमचा पैसा माझ्या मुठीत घामानं ओला झाला होता.

"येणार," मी म्हणाले.

तिचा विश्वास बसला असं काही दिसलं नाही. मग पदराचं टोक तोंडात ओलं करून तिनं गोदीच्या कपाळावरचा मळवट पुसायला घेतला. पुरता पुसला नाही, कडेनं राहिलाच. "नवरात्रापतोर बघते," म्हणाली आणि भांड्यांना निघून गेली.

तर मास्तर, वाद तुम्ही जिंकलात असं समजू नका. बाजार ही शाळा नव्हे, हे माझं मत कालच्या गर्दीत आणखी पक्कं झालं आहे. एक माणूस मला धक्का देऊन गेला आणि वर मलाच रागावला. पण तुमची बाजू मांडायला आता तुम्ही नाही, आणि ती पडलेली मला बघवत नाही. तेव्हा मधल्या सुट्टीत तुमची बाजूही मीच मांडते, माझीही मीच, आणि दोघांचा चहा एकटीच पिते.

आज सकाळी सगळ्यांच्या शेवटी मी तुमचा पैसा ताटलीत टाकला. तुमच्यासारखं काही म्हणता आलं नाही. भगवानला आज मीठ आणायला पाठवलंय, आणि तो अजून आलेला नाही.